नापास कोण होतं?

(वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिलाय : विद्यार्थ्यांचं शैक्षणिक यश आणि मानसिक स्वास्थ्य. ऐकून मी जरा बावचळलोच. असल्या विषयावर बोलायला एखादे पाहुणे येतात, गार हॉलमध्ये बसतात, पाण्याची बाटली उघडतात आणि सांगतात : पहाटे उठा, वेळापत्रक करा, मोबाईल लांब ठेवा, ध्यान करा, वाईट विचार मनात आणू नका. यातलं वाईट काहीच नाही. पहाटे उठायला माझी ना नाही. माझी आई जन्मभर पहाटे चारला उठली. तिला कुणी पदवी दिली नाही.

म्हणून मी यशाच्या बाजूनं सुरुवात करत नाही. नापासाच्या बाजूनं करतो. त्यातला माझा अनुभव दांडगा आहे.

१९८३ साली मी बारावी होऊन शहरात सायन्सला आलो. पत्र्याची ट्रंक, एक वाकळ आणि मार्कशीट. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून दुसऱ्या एका वसतिगृहात राहिलो. खोलीत चार कॉट आणि माणसं पाच. पाचवा पॅरासाइट. स्कॉलरशिपचा फॉर्म जुलैत भरला. पैसे आले फेब्रुवारीच्या अखेरीस. मधले सात महिने पोटानं काय करायचं, हे त्या फॉर्मवर कुठंच छापलेलं नव्हतं. दिवाळीनंतर मेसवाल्यानं फळ्यावर थकबाकीवाल्यांची नावं लिहिली. सगळी आपलीच. फळा दारातच होता. येणारा-जाणारा वाचायचा आणि कुणीतरी म्हणायचं, 'सरकारी जावयांची यादी लागली.'

एकदा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला उभ्या-उभ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हातातलं ब्युरेट फुटलं. सर म्हणाले, 'काय रे, रात्री जास्त झाली का?' पोरं हसली. मी पण हसलो. आदल्या दिवसापासून पोटात दोन पाव आणि चहा होता, हे सांगायची लाज वाटली. ज्यांनी विचारलं त्यांना लाज वाटली नाही, मला वाटली. ब्युरेटचे पैसे डिपॉझिटमधून कापले. त्या साली केमिस्ट्रीत माझी दांडी उडाली. रेकॉर्डला काय लागलं? नापास. 'उपाशी' असा शेरा कुठल्याच मार्कशीटवर नसतो.

माझ्या खोलीत एक मित्र होता. नाव सांगत नाही. आईबाप ऊसतोडीला जाणारे. गणितात असा की प्राध्यापक फळ्यावर उत्तर लिहायच्या आत याचं वहीत तयार. मेसची थकबाकी एकशे चाळीस रुपये. दिवाळीला गावाला गेला तो परत आला नाही. महिनाभर त्याची ट्रंक कॉटखाली होती. मग त्याचा चुलता येऊन घेऊन गेला. कॉलेजनं हजेरीपटावर त्याच्या नावावर लाल रेघ ओढली. गैरहजर. झालं. एका माणसाचं शिक्षण एका रेघेत संपलं.

चाळीस वर्षं मी स्वतःला विचारतोय, तो नापास झाला की आणखी कुणी?

*

प्रस्थापितांकडं एक शब्द आहे : गुणवत्ता. हा शब्द ते असा उच्चारतात की जणू गुणवत्ता आईच्या पोटातून येते, आणि तीही ठरावीक आयांच्याच. आता आपल्या बापाचीच मार्कशीट काढू. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. मार्क किती? ७५० पैकी २८२. म्हणजे साडेसदतीस टक्के. आज असल्या टक्क्यांवर कितीतरी योजनांचा फॉर्मसुद्धा स्वीकारत नाहीत. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सगळं घर, आणि शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही म्हणून घेतलेली फारसी. ते २८२ मार्क त्या खोलीचे होते, त्या शाळेचे होते. बुद्धीचे नव्हते. बुद्धी काय होती ते पुढं कोलंबियानं आणि लंडननं पाहिलं.

आणि नीट बघा, पैशाची तारीख बाबासाहेबांनाही चुकली नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत १९१७ साली संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा गाठीला बांधला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं. तेव्हा कुठं १९२० साली पुन्हा बोटीत बसता आलं. मधली तीन वर्षं त्यांची बुद्धी आटली होती काय? बुद्धी जागेवर होती. पैसा जागेवर नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोराच्या डोक्यात काय आहे यावर त्याचं यश ठरतं, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं ठरतं पाच गोष्टींवर : ताटात भाकर आहे का, पैसा वेळेवर येतो का, पाठ टेकायला जागा आहे का, वर्गातली भाषा कळते का, आणि आपलं म्हणणारं कुणी आहे का. ज्यांना या पाचही गोष्टी जन्मतःच मिळाल्या त्यांना त्या दिसत नाहीत. माशाला पाणी दिसत नाही तसं. आणि मग ते काठावर तडफडणाऱ्याला पोहण्याची गुणवत्ता शिकवतात.

*

पैशाचं घ्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासूनची आहे. आपल्या कित्येकांच्या घरातला पहिला पदवीधर हिच्यावर झाला. ही भीक नाही, हा हक्क आहे. पण हक्क उशिरा आला की तो निम्मा मेलेला असतो. पूर्वी क्लार्कच्या टेबलापुढं उभं राहायचो, आता महाडीबीटीच्या पडद्यापुढं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आधार जोडलेलं खातं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की अर्ज परत. बाप मजुरी बुडवून तहसीलला खेपा घालतो. एका दाखल्याला तीन खेपा म्हणजे तीन दिवसांचा रोज. आणि कॉलेज म्हणतं, आधी फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ. स्कॉलरशिपला पात्र पोरांकडून प्रवेशाच्या वेळी ती फी मागू नये, अशी परिपत्रकं आहेत. ती परिपत्रकं कॉलेजच्या कपाटात आहेत आणि मागणी काउंटरवर आहे.

२०२४ सालचं उदाहरण सांगतो. उत्तर प्रदेशातल्या एका दलित मजुराच्या पोराला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. जागा पक्की करायला साडेसतरा हजार रुपये भरायचे होते. ते गोळा होईपर्यंत मुदतीची शेवटची मिनिटं आली आणि मुदत हुकली. संगणकाला काय, पाच म्हणजे पाच. जागा गेली. पोरगं आयोगाकडं गेलं, हायकोर्टात गेलं, शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयानं सांगितलं, याला प्रवेश द्या. आनंद आहे. पण साडेसतरा हजारांसाठी दिल्लीपर्यंत जाण्याची जिद्द आणि संधी किती जणांना मिळते? बाकीच्यांचं काय होतं ते मी सांगितलं. लाल रेघ.

भाषेचं घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठीत शिकलेलं पोरगं इंजिनिअरिंगच्या वर्गात बसतं. पहिला महिनाभर त्याला विषय कळत नाही असं नाही, वाक्य कळत नाही. विचारावं तर सगळा वर्ग मागं वळून बघतो. मग ते विचारायचं सोडतं. मग मागच्या बाकावर जातं. मग हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांखाली जाते. मग केटी लागते, मग वायडी. आणि मग कुणीतरी शहाणा म्हणतो, 'बघा, कोट्यातून घेतलं की असं होतं.' हा जिना मी डोळ्यांनी पाहिलाय. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून येते. आणि पहिल्या पायरीला कुणी एकानं महिनाभर शेजारी बसून समजावलं असतं, तर पुढच्या पायऱ्या आल्याच नसत्या.

*

आता अपमानाचं. पोटाची भूक परवडली असं म्हणायची पाळी येते.

दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वागवतात हे पाहायला २००६ साली सुखदेव थोरात यांची समिती नेमली. २००७ साली अहवाल आला. वसतिगृहात आपली पोरं एका बाजूला ढकललेली, छळ, परीक्षेत परीक्षक जातीचा अंदाज घेणार. हे देशातल्या सगळ्यात हुशार म्हणवणाऱ्या डॉक्टरांचं घर. आणि हे लिहिणारे थोरात कुठले? आपल्या औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजचे विद्यार्थी.

आयआयटीत जात विचारत नाहीत म्हणे. तिथं रँक विचारतात. रँक सांगितली की जात कळते. हे इतकं झालं की २०२३ साली मुंबईच्या आयआयटीला सांगावं लागलं : एकमेकांना रँक विचारू नका. त्याच साली त्याच आयआयटीत जेवणाच्या टेबलांवर 'फक्त शाकाहारी' असा प्रकार झाला, आणि त्याला विरोध केला म्हणून एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. गावात पाणवठा वेगळा होता, इथं टेबल वेगळं. सिडनहॅममध्ये प्राध्यापक आंबेडकरांनी एका माठातलं पाणी प्यायला सहकाऱ्यांचा विरोध होता. शंभर वर्षांत माठाचं टेबल झालं.

या सगळ्याला ते 'मानसिक ताण' म्हणतात. ताण कुणी दिला ते सांगत नाहीत.

१७ जानेवारी २०१६. हैदराबाद विद्यापीठ. रोहित वेमुला. वसतिगृहातून बाहेर काढलेला आणि सात महिन्यांची फेलोशिप, एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये, यायची राहिलेली. ते येणं त्यानं शेवटच्या पत्रात लिहून ठेवलं. जीव देतानाही पोराला हिशेब द्यावा लागला. आणि मेल्यावर त्याच्या जातीच्या दाखल्याची चौकशी वर्षानुवर्षं चालली.

२२ मे २०१९. मुंबई. डॉक्टर पायल तडवी. जळगावकडची आदिवासी पोरगी, बाळंतपणाची डॉक्टर व्हायला निघालेली. तीन वरिष्ठ डॉक्टर बायांवर छळाचा गुन्हा दाखल झाला.

१२ फेब्रुवारी २०२३. पवई. दर्शन सोळंकी. वय अठरा. येऊन जेमतेम एक सत्र झालेलं. घरच्यांनी सांगितलं, पोरगा जातीवरून बोलणी खात होता. संस्थेच्या समितीनं सांगितलं, जातीच्या भेदभावाचा थेट पुरावा नाही, त्याचा अभ्यास घसरला होता.

इथं थांबा. अभ्यास घसरला. हे कारण आहे होय? ताप आलेल्या माणसाबद्दल डॉक्टरनं सांगावं, अंग गरम होतं म्हणून गेला, तसं झालं हे. अभ्यास का घसरला ते शोधायला समिती लागते. घसरला एवढं सांगायला मार्कशीट पुरे होती.

डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनंच लोकसभेत आकडा दिला. मागच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी, आयआयएम यांतून अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गीय मिळून १३,००० हून जास्त विद्यार्थी बाहेर पडले. सरकार म्हणालं, पोरांपुढं पर्याय असतात, ती कोर्स बदलतात. काही बदलत असतील. माझा मित्रही कोर्स बदलून ऊस तोडायला गेला असंच म्हणायचं मग.

*

दुसऱ्यांना शिव्या देणं सोपं आहे. त्या दिल्या पाहिजेत. पण मी इथं आपल्याच माणसांत उभा आहे, तर आपल्यालाही दोन शब्द ऐकवतो.

आपल्या माणसांनी हे सगळं फार आधी ओळखलं होतं. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह उघडलं. सिद्धार्थ कॉलेज निघालं १९४६ साली. बघा, वसतिगृह आधी, कॉलेज वीस वर्षांनी. आधी भाकर आणि अंथरूण, मग पुस्तक. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं तेव्हाही नागसेनवनात पोरांच्या राहण्याची सोय धरूनच. मराठवाड्यातली कित्येक घरं त्या वसतिगृहांनी उभी केली.

आपण काय केलं? नामांतराला आपण सोळा वर्षं लढलो, जीव दिले, घरं जाळून घेतली. विद्यापीठाच्या दारावर १९९४ साली नाव लागलं. त्याचा अभिमान मला मरेपर्यंत राहील. पण त्या दाराच्या आत पहिल्या वर्षाचं पोरगं उपाशी झोपतं का, हे बघायला आपल्यातले किती जण गेले? साहेब झालेले आपले भाऊ बंगल्याला 'भीमाई' नाव देतात आणि वसतिगृहाच्या रस्त्यावरून काच वर करून जातात.

आणि पोरींचं तर आपण बोलतच नाही. पोरगा नापास झाला तर त्याला आणखी एक वर्ष मिळतं. पोरगी नापास झाली तर तिला नवरा मिळतो. क्रांतीच्या गप्पा मारणारे आम्हीच घरी बहिणीला म्हणतो, बास झालं शिक्षण. माझ्या बहिणीला मीही म्हणालो होतो. आज कबूल करतो.

आता त्या एकशे चाळीस रुपयांकडं येतो. त्या वसतिगृहात आम्ही साठ जण होतो. माणशी अडीच रुपये काढले असते तर तो मित्र दिवाळीनंतर परत आला असता. आम्ही काढले नाहीत. कुणाला सुचलंच नाही. ज्याची थकबाकी त्याची त्यानं बघावी. पुढं एप्रिलमध्ये जयंतीच्या बँडसाठी आम्ही माणशी पाच रुपये काढले. काढले, आणि रात्रभर नाचलो. त्याची रिकामी कॉट तशीच होती.

जयंती करू नका असं मी म्हणत नाही. पण बँड वाजतो तेव्हा मला आजही तो आकडा ऐकू येतो.

*

म्हणून मोठ्या घोषणा न देता चार कामं सांगतो. आजपासून होण्यासारखी आहेत.

पहिलं, प्रत्येक वसतिगृहात एक वही ठेवा. कुणाचा फॉर्म कधी भरला, पैसा कधी आला, मेसची बाकी किती, कोण आठ दिवस वर्गात दिसलं नाही. नुसती तारीख आणि आकडा. उशीर किती झाला हे तारखेनं सिद्ध होतं, आरड्याओरड्यानं नाही. हीच वही घेऊन समाजकल्याणच्या दारात बसा. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, आमच्या कॉलेजचे पैसे कुठल्या टेबलावर अडले ते विचारा. वही फळ्यावर लावायची नाही बरं का. एकदा फळ्यावर नाव लागलं की काय होतं ते मी भोगलंय.

दुसरं, जयंतीच्या वर्गणीचा चौथा हिस्सा मेससाठी बाजूला काढा. उसना द्या, स्कॉलरशिप आली की परत घ्या. डॉल्बीचा एक खांब कमी लागला तर बाबासाहेब रागावणार नाहीत.

तिसरं, पुढच्या वर्गातल्या प्रत्येकानं पहिल्या वर्षाची दोन पोरं दत्तक घ्या. दिवाळीपर्यंतच. जर्नल कसं लिहायचं, लायब्ररीत पुस्तक कसं मागायचं, इंग्रजी परिच्छेद कसा फोडायचा. आणि सरांना प्रश्न विचारायला त्याच्या बरोबर उभं राहा. दोघं उभे राहिले की वर्ग हसत नाही.

चौथं, अपमान झाला तर एकट्यानं गिळू नका. लिहा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण ऐकत होतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ साली नियम केले : प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. ते नियम कागदावरच राहिले म्हणून २०१९ साली दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी. लेकरं गमावलेल्या त्या बाया इतरांच्या लेकरांसाठी लढतात. नियम नवे येतील, अडकतील, बदलतील. आपली लेखी तक्रार मात्र तयार पाहिजे. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदाही आहेच. तक्रार द्यायला चौघांनी मिळून जायचं.

आणि एक शेवटचं, हे काम म्हणून सांगत नाही, भाऊ म्हणून सांगतो. मन खचणं हा भित्रेपणा नाही. सारखं ओझं वाहिलं की खांदा दुखतो, तसं मनही दुखतं. कुणी जेवायचं सोडलं, बोलायचं सोडलं, आपल्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर त्याला रात्री एकटं सोडू नका. शेजारी झोपा. डॉक्टरकडं न्या. सरकारचा टेली मानस नावाचा फोन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. फोन लावायला लाजू नका. मी प्रॅक्टिकलला लाजलो होतो. त्या लाजेनं माझं एक वर्ष खाल्लं. कुणाकुणाचा जीव खाल्ला.

आपल्यातलं एकही पोरगं, एकही पोरगी आता मेल्यावर पोस्टरवर नको. मेलेल्यांच्या फोटोला हार घालून आपले हात थकले. जिवंत असताना त्याच्या ताटाकडं बघा, कॉटकडं बघा, तोंडाकडं बघा.

इथून खोलीवर गेलात की आधी एक काम करा. तुमच्या मजल्यावरची कुठली कॉट रिकामी आहे, आणि का, ते बघून या. उद्या सकाळी वहीत पहिली ओळ तीच लिहू.

जय भीम.